राज्यभर विक्रीसाठी नेटवर्कचे सभासद व्हावे की आधी आपला संघ उभारावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळ-सावंतवाडी परिसरात कोकम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), अमृत कोकम (कोकमाचे गोड सरबत), आमसुले आणि काजूगर तयार करणारे दहा-बारा छोटे उत्पादक आहेत. त्यांचा माल जिल्ह्यात आणि महामार्गावरील दुकानांत बऱ्यापैकी खपतो, मात्र घाटाच्या वर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. एका राज्यस्तरीय व्यावसायिक नेटवर्कने वार्षिक वर्गणी घेऊन ‘महाराष्ट्रभर ओळख’ मिळवून देण्याचे मान्य केले आहे. ती वर्गणी भरावी, आपसांत संघ करावा, की दोन्ही करावे, असे आपण विचारले आहे.

छोट्या अन्नप्रक्रिया उत्पादकांची विक्रीव्यवस्था बसवून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे: आधी संघ करावा, वर्गणीचा विचार त्यानंतर करावा आणि पहिल्या वर्षी ‘राज्यभर’ हा शब्द बाजूला ठेवावा. हा क्रम का, ते सविस्तर लिहितो.

‘नेटवर्क’ या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन-चार अगदी वेगळ्या व्यवस्था चालतात आणि बहुतेकांची निराशा ही त्यांची गल्लत केल्यामुळे होते. पहिला प्रकार उद्योजकांनी एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या क्लबांचा. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेला सॅटर्डे क्लब हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे. ठरावीक दिवशी बैठक होते, प्रत्येक जण उभा राहून आपला व्यवसाय थोडक्यात सांगतो, कोणत्या प्रकारचे ग्राहक हवे आहेत ते मांडतो आणि इतर सभासद आपल्या ओळखीतून त्याला संदर्भ देतात. वास्तुविशारद, छपाईवाले, सनदी लेखापाल, विमा सल्लागार, फर्निचरवाले यांना या पद्धतीचा चांगला फायदा होतो, कारण त्यांचे एकेक काम मोठ्या रकमेचे असते आणि ते विश्वासू माणसाच्या शब्दावर मिळते. आगळाची बाटली अशा रीतीने विकली जात नाही. कोणीही ओळखीचा संदर्भ घेऊन एक बाटली आणायला जात नाही.

तरीही हा प्रकार आपल्या उपयोगाचा नाही, असे मी म्हणणार नाही. अशा बैठकीत केटरिंगवाले भेटतात, मालवणी खानावळींचे मालक भेटतात आणि दिवाळीला कर्मचाऱ्यांसाठी भेटपेट्या घेणाऱ्या कंपन्यांचे खरेदी पाहणारे लोक भेटतात. खानावळीला सोलकढीसाठी आगळ पाच लिटरच्या कॅनमध्ये लागते, ते दर पंधरवड्याला लागते, त्यावर आकर्षक लेबल असावे अशी तिची अपेक्षा नसते आणि काच फुटण्याचाही प्रश्न नसतो. मी आपल्या जागी असतो तर बैठकीत उभे राहून ‘आमचे कोकम घ्या’ असे न म्हणता ‘सोलकढी रोज करणारी पाच हॉटेले मला हवी आहेत’ असे नेमके मागितले असते. मात्र यासाठी गटातील एका माणसाने नेमाने बैठकांना हजर राहावे लागते, आणि ते कुडाळहून शक्य नसेल तर मुंबईतील एखाद्या चाकरमानी नातेवाइकाला गटाच्या वतीने बसवावे लागेल.

दुसरा प्रकार चेंबरचा. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली स्थापन झालेले महाराष्ट्र चेंबर आणि पुण्याचे १९३४ चे मराठा चेंबर या दोन्ही जुन्या संस्था आहेत. व्यापार-उद्योगाचे म्हणणे सरकारपुढे मांडणे, करविषयक मार्गदर्शन, निर्यातीसाठी लागणारा मालाच्या उगमाचा दाखला, प्रदर्शने आणि शिष्टमंडळे ही चेंबरची मुख्य कामे असतात. सभासदत्वामुळे पत वाढते आणि अडचणीच्या वेळी दाद मागायला जागा मिळते. परंतु आपली बाटली दुकानाच्या फळीवर लावून देणे हे चेंबरचे काम नव्हे, आणि तशी अपेक्षा ठेवून वर्गणी भरली तर दोष चेंबरचा मानता येणार नाही.

तिसरा प्रकार सरकारी पाठबळाच्या साखळीचा. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ पासून काम करते आणि तिच्या बचत गटांचे जाळे लोकसंचालित साधन केंद्रांमार्फत चालते. ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ साली सुरू झाले. मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन या ‘उमेद’चेच आहे. आपल्या उत्पादकांपैकी कोणी बचत गटातील असतील तर या साखळीतून प्रदर्शनाची जागा, प्रशिक्षण आणि प्रवासाची सोय अत्यल्प खर्चात मिळू शकते, त्यामुळे ती प्रथम तपासावी.

‘सरस’मध्ये मात्र एक दृश्य दरवर्षी दिसते, ते सांगितले पाहिजे. ग्राहक सोलकढी चाखतो, आगळाच्या दोन बाटल्या घेतो, पैसे देतो आणि निघताना विचारतो, “ताई, संपल्यावर पुन्हा कुठे मिळेल?” ताई पिशवीत चिठ्ठी टाकतात, तिच्यावर मोबाईल क्रमांक असतो. एका बाटलीसाठी कुरिअरचा खर्च बाटलीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येतो, म्हणून तो ग्राहक फोन करीत नाही, आणि केलाच तर व्यवहार जमत नाही. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनापर्यंत तो दुसऱ्या कोणाचे तरी आगळ वापरतो. प्रदर्शनातला गल्ला उत्तम झालेला असतो, त्यामुळे या निसटलेल्या ग्राहकाचा हिशेब कोणी मांडत नाही. कोणत्याही नेटवर्कची परीक्षा मी याच प्रश्नावर घेतो. ‘पुन्हा कुठे मिळेल?’ याचे उत्तर म्हणून दादर, ठाणे किंवा कोथरूडमधील दुकानाचे नाव जे देऊ शकते ते नेटवर्क कामाचे आहे. बाकी सर्व प्रसिद्धी आहे, आणि माल हाताशी नसेल तर प्रसिद्धीचा फायदा शेजारच्या ब्रँडला होतो.

चौथा प्रकार उत्पादकांनी स्वतः उभारलेल्या संघाचा किंवा महासंघाचा. एखाद्या प्रदेशाचा माल राज्यभर नावारूपाला आला, असे जिथे जिथे खऱ्या अर्थाने घडले तिथे बहुधा हाच प्रकार सापडतो. म्हणून यावर थोडे थांबतो.

शेजारच्या गुजरातमध्ये खेडा जिल्हा दूध संघाचे ‘अमूल’ हे नाव १९७३ साली स्थापन झालेल्या राज्य महासंघाने सर्व जिल्हा संघांसाठी वापरायला घेतले. प्रत्येक संघाने आपापल्या नावाचा आग्रह मागे ठेवला, दूध जिल्ह्याचे राहिले आणि नाव एक झाले. आपल्या राज्यातही दूध महासंघ होता आणि ‘महानंद’ हे नावही होते. परंतु गोकुळ, वारणा, कात्रज यांसारखे सशक्त संघ आपापल्या नावाने बाजारात उतरत राहिले, आणि महासंघाच्या सभासद संघांचे दूध मुंबईत महासंघाच्याच दुधाशी स्पर्धा करू लागले. अखेर २०२४ साली महानंदचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. या घसरणीला इतर कारणेही आहेत, आणि गोकुळसारख्या संघांनी स्वतःचे नाव जपले यात त्यांचे चुकले असेही मी म्हणत नाही, कारण त्यांच्यापाशी स्वतःच्या बळावर मुंबईत टिकण्याइतके दूध आणि पैसा होता. आपल्या दहा-बारा जणांपाशी तो नाही. म्हणून संघ करताना प्रत्येक सभासद स्वतःचे काय सोडायला तयार आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारले पाहिजे. स्वतःचे लेबल, स्वतःचा दर आणि स्वतःची कृती या तिन्हींपैकी काहीच सोडायचे नसेल तर संघाची नोंदणी करण्यात अर्थ नाही. मग एकत्र टेम्पो भाड्याने घेण्यापुरते सहकार्य पुरेसे आहे.

द्राक्षांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९९१ साली उभ्या राहिलेल्या ‘महाग्रेप्स’मध्ये बाग शेतकऱ्याची राहिली, पूर्वशीतकरण आणि साठवण ही कामे त्या त्या भागातील सहकारी संस्थांकडे राहिली आणि परदेशातील ग्राहक शोधणे, दर्जाचे निकष सांगणे, तांत्रिक सल्ला देणे ही कामे मध्यवर्ती संस्थेने केली. कोणाचे काय, याची अशी वाटणी स्पष्ट असली की भांडणे कमी होतात. ‘लिज्जत’नेही वेगळ्या मार्गाने हेच साधले. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या संस्थेत पापड लाटण्याचे काम घरोघरी होते, पण पीठ केंद्रावरच मळले जाते आणि लाटलेले पापड केंद्रावर तपासून घेतले जातात. हजारो हातांनी लाटलेल्या पापडाची चव एकच राहते ती एका पिठामुळे.

आपल्या मालात हे ‘एक पीठ’ कोणते, हे ठरवणे सर्वांत कठीण आहे. आगळात प्रत्येक घराचे मिठाचे प्रमाण वेगळे असते. आमसुलात तर अधिकच तफावत. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली रसात बुडवून वाळवण्याची पुटे कोणी दोन देतो, कोणी चार-पाच देतो, आणि वजन वाढावे म्हणून मिठाचा हात सैल सोडणारेही बाजारात कमी नाहीत. ग्राहकाने एकाच नावाची दोन पाकिटे दोन महिन्यांच्या अंतराने घेतली आणि एकाची आमटी खारट झाली, तर तो पुन्हा घेत नाही आणि तक्रारही करीत नाही. म्हणून हंगामापूर्वी सर्वांनी एकत्र बसून आगळातील मिठाचे प्रमाण, सरबतातील साखरेचे प्रमाण, आमसुलाची पुटे आणि ओलावा ही चार प्रमाणे लेखी ठरवावीत. साखरेचे प्रमाण मोजायला हातातला छोटा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, तो गटाने एक घ्यावा. आमसुलाचा ओलावा आणि मीठ यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि बॅच क्रमांकात प्रत्येक उत्पादकाचे एक अक्षर ठेवावे, म्हणजे तक्रार आलीच तर ती कोणाच्या मालाची आहे, हे अर्ध्या तासात कळते. ही अक्षराची युक्ती क्षुल्लक वाटते, पण मी पाहिलेल्या गटांमध्ये संशयावरून झालेली भांडणे दर्जावरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त होती, आणि संशय या एका अक्षराने मिटतो.

आता ‘राज्यभर’ या शब्दाकडे येतो. महाराष्ट्र ही एक बाजारपेठ नाही. मुंबई-ठाण्यात दादर, लालबाग, गिरगाव, डोंबिवली, भांडुप या भागांत कोकणातली वस्ती दाट आहे, आणि तिथल्या ग्राहकाला आगळ कशाशी खातात हे शिकवावे लागत नाही. पुण्यात आमसूल घरोघरी ओळखीचे आहे, कारण आमटीत आणि सारात ते पूर्वीपासून पडते, परंतु आगळाची ओळख त्यामानाने कमी. विदर्भात आणि मराठवाड्यात आंबटपणासाठी चिंच आधीच स्वयंपाकघरात बसलेली आहे. नागपुरातील एका दुकानात आमच्या एका गटाच्या आगळाच्या बाटल्या सरबताच्या फळीवर लावलेल्या मी पाहिल्या. एका गिऱ्हाइकाने ते सरबत समजून पाण्यात घालून प्यायले आणि खारट आहे म्हणून बाटली परत आणली होती. दुकानदाराचा दोष नव्हता. लेबलवर ‘कोकम आगळ’ एवढेच लिहिले होते आणि त्यात मीठ आहे, साखर नाही, ते नारळाच्या दुधात घालायचे आहे, हे कुठेच नव्हते. घाटावर जाण्यापूर्वी लेबलचा मजकूर असा वाचून पाहावा, आणि तोही कोकणाबाहेरच्या माणसाकडून.

म्हणून पहिल्या वर्षी मुंबई-ठाणे आणि पुणे एवढेच क्षेत्र घ्यावे आणि आगळ मुंबईत, आमसूल पुण्यात असा भर द्यावा. अमृत कोकम हे गोड असल्याने आणि वापरायला सोपे असल्याने दुसऱ्या वर्षी नाशिक, संभाजीनगर, नागपूर या शहरांत उन्हाळ्यापूर्वी पाठवून पाहावे. काजूगराला ओळखीची गरज नाही, पण त्यात स्पर्धा तीव्र आहे आणि परदेशी कच्च्या काजूपासून केलेला स्वस्त माल सर्वत्र आहे. तिथे वेंगुर्ल्याच्या काजूचे भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या मालाची कायदेशीर ओळख, उपयोगी पडते.

मानांकनाचा मुद्दा आला आहे तर त्यातली एक बाब स्पष्ट करतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन मिळालेले आहे, म्हणून या जिल्ह्यांतील कोणीही ते चिन्ह लेबलवर छापू शकतो, असे नाही. मानांकनाची नोंदणी संस्थेच्या नावावर असते आणि उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करून नाव नोंदवावे लागते. फारच थोडे उत्पादक हे करतात आणि त्यामुळे मानांकन कागदावर राहते. अर्जाचा खर्च किरकोळ आहे. वेळ लागतो तो कागदपत्रे जमवायला. गटातील सर्वांचे अर्ज एकत्र दाखल करणे हे नव्या संघाचे पहिले काम असावे. दुकानदारावर या चिन्हाचा फारसा परिणाम होत नाही, हे खरे आहे. मात्र भेटवस्तू घेणाऱ्या कंपन्या आणि बाहेरगावचे खरेदीदार त्याविषयी आवर्जून विचारतात.

नफ्याच्या गणिताकडे भावनेच्या भरात दुर्लक्ष होते. कराचा भाग बाजूला ठेवून एक काल्पनिक हिशेब मांडतो. बाटलीवर छापील किंमत १५० रुपये आहे असे धरू. दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के म्हणजे ३० रुपये सोडले की १२० उरतात. वितरकाचे १० टक्के म्हणजे १५ रुपये गेले की १०५. वाहतूक आणि फूट मिळून ८ रुपये धरले तर ९७. संघाचा खर्च ५ रुपये धरला तर उत्पादकाच्या हातात ९२ रुपये येतात. त्याचा उत्पादनखर्च ८० असेल तर १२ रुपये सुटतात, आणि त्यातूनच मुदत संपून परत आलेल्या बाटल्यांचा तोटा भागवायचा असतो. हाच उत्पादक घरच्या ओट्यावर किंवा महामार्गावरच्या स्टॉलवर तीच बाटली १२० ला विकत असेल तर त्याला ४० रुपये सुटतात. साहजिकच पहिल्या तीन महिन्यांत कोणी तरी म्हणतो की मुंबईचा धंदा आतबट्ट्याचा आहे. त्याला उत्तर एवढेच की ओट्यावरची विक्री पर्यटकांच्या मोसमापुरती असते आणि तिला मर्यादा आहे, तर दुकानातला खप पावसाळ्यातही चालू राहतो. पण हे उत्तर पटण्यासाठी उत्पादनखर्च खरोखर किती आहे, हे प्रत्येकाला ठाऊक हवे, आणि घरच्या माणसांची मजुरी त्यात धरलेली हवी. ती धरली की ८० चे ९० होतात आणि छापील किंमतच बदलावी लागते. हा हिशेब संघ स्थापन करण्यापूर्वी करावा.

शिवाय एक पथ्य पाळलेच पाहिजे: मुंबईत १५० ची बाटली आपल्याच सभासदाने दादरच्या ओळखीच्या माणसाला ११० ला देता कामा नये. दुकानदाराला हे आठवड्याभरात कळते आणि तो बाटल्या फळीवरून काढून खाली ठेवतो.

वाहतुकीत आगळाचा स्वभाव त्रासदायक आहे. त्यात मीठ आणि आम्ल दोन्ही असल्याने पत्र्याचे झाकण आतून गंजते आणि वळशाशी तांबूस कड दिसू लागते, म्हणून झाकण प्लास्टिकचे आणि आतल्या बुचासह घ्यावे. एक बाटली पाझरली की खोक्यातल्या बाराही बाटल्यांची लेबले डागाळतात आणि दुकानदार सगळे खोके परत करतो. लेबल कागदी न घेता पाण्याला टिकणाऱ्या फिल्मचे घ्यावे. काही पैशांचा फरक पडतो, तो सोसावा. मुंबईला माल पाठवण्यासाठी रात्रीच्या खासगी बसगाड्यांची टपावरची किंवा डिकीतली पार्सले कोकणात सर्रास चालतात, आणि थोड्या मालासाठी ती सोय चांगली आहे, पण फूट झाली तर भरपाई कोणी देत नाही. खोक्यांची संख्या वाढली की एसटीची मालवाहतूक सेवा, जी २०२० साली टाळेबंदीच्या काळात सुरू झाली, किंवा पावती म्हणजे बिल्टी देणारा ट्रान्सपोर्ट यांचे दर घ्यावेत. राज्यांतर्गत मालाला महाराष्ट्रात एक लाख रुपयांपुढच्या मूल्यासाठी ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा जीएसटी परवाना, लागते, त्यामुळे सुरुवातीच्या खेपांना तो प्रश्न बहुधा येणार नाही.

राज्याच्या हद्दीत राहण्याचा आणखी एक फायदा आहे, ज्याची माहिती अनेक छोट्या उत्पादकांना नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या वस्तुविक्रेत्याला नोंदणी न घेताही ऑनलाइन मंचावरून आपल्या राज्यापुरती विक्री करता येते. त्यासाठी पॅन आणि जीएसटी संकेतस्थळावरून मिळणारा नावनोंदणी क्रमांक लागतो. पूर्वी ऑनलाइन विकायचे म्हटले की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. परराज्यात एक जरी पार्सल पाठवले तरी ही सवलत लागू राहत नाही, म्हणून गोव्यातल्या ग्राहकाची ऑनलाइन मागणी सावंतवाडीपासून कितीही जवळची वाटली तरी ती आधी सल्लागाराला विचारून घ्यावी. अर्थात संघच सामायिक नावाने विकू लागला आणि त्याची उलाढाल वाढली तर संघाची नोंदणी घ्यावीच लागेल, आणि वितरकही बहुधा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच माल घेणे पसंत करतो.

उधारीविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण बहुतेक गट मालाच्या दर्जामुळे नव्हे तर अडकलेल्या पैशांमुळे मोडलेले मी पाहिले आहेत. मुंबईतला वितरक पहिली खेप रोखीने घेतो, दुसरी पंधरा दिवसांच्या उधारीवर आणि तिसरीच्या वेळी दुसरीचे पैसे ‘पुढच्या गाडीला देतो’ असे सांगतो. आपण केंद्राची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची नोंदणी) केलेली असेल आणि आपण सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि मुदतीनंतर चक्रवाढ व्याज लागू होते. आयकर कायद्यातही मुदतीत न दिलेल्या अशा देण्याची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, अशी तरतूद आलेली आहे. प्रत्यक्षात कुडाळचा उत्पादक दादरच्या वितरकावर दावा लावायला जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापलेला असला की वितरकाचा लेखापाल ते बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल नाही’ हे सांगण्याचे काम उत्पादकाकडे ठेवू नये, ते संघाच्या एका ठरलेल्या व्यक्तीकडे द्यावे. ज्याच्या घरात माल पडून आहे त्याला नाही म्हणवत नाही.

संघाचे कायदेशीर स्वरूप कोणते घ्यावे, यावर फार वेळ घालवू नये. सहकारी संस्था, उत्पादक कंपनी हे दोन्ही पर्याय दहा सभासदांपासून सुरू होतात. सहकारी संस्थेत ते वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात, तर उत्पादक कंपनीत प्रत्येक जण स्वतः उत्पादक असावा लागतो. बँकेशी आणि मोठ्या खरेदीदारांशी व्यवहार करताना उत्पादक कंपनी थोडी सोयीची पडते, मात्र दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचा खर्च तिला चुकत नाही. सामायिक नाव व्यापारचिन्ह कायद्याखाली सामूहिक चिन्ह म्हणून संघाच्या नावे नोंदवावे, कोणा एका सभासदाच्या नावे कदापि नोंदवू नये. लेबलवर ‘उत्पादक’ म्हणून सभासदाचे आणि ‘विक्रेता’ म्हणून संघाचे नाव येईल, तेव्हा दोघांकडेही एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, आपापला क्रमांक असायला हवा. निव्वळ वजन, छापील किंमत, तारीख आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता हे वजनमापे नियमांनुसार सक्तीचे आहे. मोठी दुकाने बारकोडही मागतात. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटाच्या सामायिक ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आपल्याकडे ही योजना कृषी विभाग चालवतो, तेव्हा सध्या अर्ज स्वीकारले जात आहेत का आणि कोणत्या अटींवर, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

एवढे झाल्यावर त्या नेटवर्कच्या वर्गणीकडे वळावे. त्यांच्या प्रतिनिधीला मी चार गोष्टी विचारल्या असत्या. आपल्यासारखा खाद्यमाल विकणारे सभासद किती आहेत आणि त्यांपैकी दोघांशी आम्ही परस्पर बोलू शकतो का? सभासदत्वाचे नूतनीकरण किती जण करतात? एकाच शाखेत कोकमाचा दुसरा उत्पादक घेणार का? आणि वर्गणीच्या बदल्यात यादीत नाव, माहितीपुस्तिकेत पान, वर्षातून एक मेळावा यांपलीकडे नेमके काय? यांतल्या दुसऱ्या प्रश्नाला प्रतिनिधीने थेट उत्तर दिले तर त्याचे बाकीचे बोलणे ऐकण्याजोगे असते. टाळाटाळ केली, किंवा ‘हजारो सभासद’ या आकड्यावरच बोलणे फिरत राहिले, तर वर्गणी एक वर्ष थांबवावी. वर्गणी भरायची ठरलीच तर ती संघाच्या नावे एकच भरावी. दहा जणांनी दहा वर्गण्या भरून एकाच बैठकीत दहा कोकमवाले बसवण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे, आणि त्यात नेटवर्कखेरीज कोणाचा फायदा झाला नाही.

वेळेचे म्हणाल तर रातांबे एप्रिल-मे मध्ये हाती येतात. त्याआधी, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत, प्रमाणे लेखी ठरलेली असावीत, झाकणे व लेबले मागवलेली असावीत आणि दादर-ठाण्यातील चार-पाच दुकानदारांशी दराचे बोलणे झालेले असावे. मे मध्ये सुट्टीला आलेली मुंबईकर मंडळी परत निघताना बाटल्या घेतात. त्या बाटल्यांच्या लेबलवर मुंबईत माल मिळणाऱ्या दुकानांची नावे तेव्हाच छापलेली असावीत. संघाची नोंदणी तोवर पूर्ण झाली नाही तरी चालेल, पण ही नावे मात्र चुकवू नयेत.